रविवारचा मुलगा

“तुम्ही तर गेलात ना?” दारातल्या माणसानं विचारलं.

मावशीचा नवरा दार धरून तसाच उभा राहिला. “कुठं गेलो?”

“म्हणजे... वारलात.”

हात पुसत मावशी स्वयंपाकघरातून बाहेर आली. आधी तिला दिसले ते चिखलानं माखलेले बूट, मग फाटकी बाही आणि मग चेहरा. उन्हानं रापलेला, गाल बसलेले, पण चेहरा तोच. तिनं दंडाला धरून त्याला आत ओढलं, दार लावलं, तेव्हा कुठं तिच्या तोंडून शब्द फुटला.

“ठोंब्या! असा कसा आलास? सुट्टी मिळाली?”

“नाही.”

मावशीनं दाराला आतून कडी घातली.

मावशी ती इस्पितळाच्या धुलाईघरातली. वाफेच्या इस्त्रीखालून चादरी काढता काढता तिचे केस पिकले होते आणि तिथल्या लहानथोरांनी तिला मावशी करून टाकलं होतं. मुलगा एकुलता एक. समुद्राला बांध घालायचा म्हणून कारभार बघणाऱ्या मंडळानं शहरातली तरणी पोरं नेली, त्यात तोही गेला. बांध पुरा होईस्तोवर परत यायचं नाही, असा नियम. त्याऐवजी मंडळानं घरोघरी भिंतीवर एक पडदा बसवून दिला होता. दर रविवारी जेवणाआधी पडदा उजळायचा, मुलगा समोर यायचा, घटकाभर बोलायचा. न विचारता परतलेल्याला मात्र मंडळाची माणसं शोधून नेत, आणि त्याला घरात घेणाऱ्यांनाही. वरच्या मजल्यावरच्या शिंपिणीनं असाच आपला मुलगा घरात घेतला, तेव्हापासून तिच्या दाराला कुलूप होतं.

“बाबा गेले हे तूच सांगितलंस,” मुलगा आईला म्हणाला. त्याची नजर बापावरून हटत नव्हती. “पडद्यावर. झोपेतच गेले म्हणालीस. किती रडलीस! मीही रडलो. घरी येतो म्हटलं, तर म्हणालीस, येऊ नकोस, काम पुरं कर, मी ठीक आहे.”

“मी म्हणाले?”

“तिथंच तर मला शंका आली. तू जन्मात कधी ‘मी ठीक आहे’ म्हणाली नाहीस. तुला शिंक आली तरी अख्ख्या इमारतीला कळतं.”

एरवी नवरा यावर खो खो हसला असता. आता तो हळूच खुर्चीत टेकला. “अरे, पण मागच्या रविवारी तू बोललास की आमच्याशी. गुडघ्याला शेक द्या म्हणालास.”

“काय झालं गुडघ्याला?” मुलानं विचारलं.

खाली कुणीतरी पाण्याचा पंप चालू केला, त्याची घरघर तेवढी येत राहिली.

मावशीला आठवत होतं ते तिचं ऑपरेशन. ती घरी पडून होती तेव्हा मुलगा रविवार नसतानाही पडद्यावर आला होता, तिचा डोळा लागेपर्यंत बोलत बसला होता. नवऱ्यालाही कधी न सांगितलेल्या गोष्टी तिनं त्या दिवशी त्याला सांगितल्या होत्या. कुणाला सांगितल्या? राग नंतर आला. आधी तिला लाज वाटली, परक्यासमोर पदर ढळावा तशी.

“आई, रागावू नकोस,” मुलगा अडखळत म्हणाला. “पण तू... तूच आहेस ना?”

मावशीनं त्याचा कान धरून असा पिळला की तो कळवळला.

“पटलं?”

“पटलं. पडद्यावरच्या आईला कान धरता येत नव्हता.” तो कान चोळत हसला आणि हसता हसताच त्याचे डोळे भरून आले.

तो हातपाय धुवायला गेला, तसा नवरा तिच्याजवळ सरकला. “अगं, मंडळानं आपली परीक्षा बघायला पाठवला असेल तर?”

“अहो, काय बोलताय?”

“पडद्यावर हुबेहूब बनवता येतो, तर दारात नाही का उभा करता येणार? आपण कळवतो की नाही, एवढंच बघायचं असेल त्यांना.”

मावशीलाही ते वाटून गेलं नव्हतं असं नाही. कान धरताना तिच्या बोटांनी खात्रीच करून घेतली होती. तरी ती म्हणाली, “परीक्षा असेल तर नापास होऊ. पोटचं पोर दाराबाहेर काढू म्हणता?”

नवऱ्यानं मान खाली घातली. तेवढ्यात भिंतीवरचा पडदा टुणटुणला.

रविवार होता. दोघांच्याही डोक्यातून साफ गेलं होतं. पडदा घेतला नाही तर तपासनीस यायचा. मावशीनं मुलाला स्वयंपाकघरात लोटलं, कपाळावरचे केस सारखे केले आणि नवऱ्याशेजारी येऊन बसली.

“आई! बाबा! कसे आहात?” पडद्यावरचा मुलगा हसला. गाल भरलेले, शर्ट स्वच्छ. “बाबा, शेक घेताय ना?”

“घेतोय,” नवरा म्हणाला.

“आणि आई, तू अशी गप्प का? दमलीस?”

स्वयंपाकघराच्या दारामागं एक मुलगा श्वास रोखून उभा होता आणि समोर दुसरा काळजीनं तिच्याकडं बघत होता. ती काळजी इतकी खरी होती की, बाळा, दमले रे, असं म्हणावंसं तिला वाटलं.

“बाबा,” पडद्यावरचा मुलगा पुढं झुकला, “ते दाराजवळ बूट कुणाचे?”

मावशीनं नवऱ्याकडं पाहिलं. बस चालवण्यात ज्याचा जन्म गेला आणि ज्यानं एक थांबा चुकवला तरी वरिष्ठांना स्वतःहून सांगितलं, असा तिचा नवरा. तो काय बोलेल, या धास्तीनं तिनं डोळेच मिटले.

“माझेच की,” नवरा म्हणाला. “गुडघ्यासाठी चालतोय हल्ली. खाली नुसता चिखल आहे. तुझी आई कधीची ओरडतेय.”

“ओरडू नकोस गं त्यांना,” पडद्यावरचा हसला.

पडदा विझला, तेव्हा नवऱ्याचा सदरा पाठीला चिकटला होता. मुलगा बाहेर आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“चांगलं वागतो तो तुमच्याशी,” तो म्हणाला.

“तुझ्यापेक्षा चांगला,” मावशी म्हणाली. “उलट उत्तर देत नाही.”

तो जरासा हसला. मग म्हणाला, “तीपण चांगली होती गं. बाबा गेले तेव्हा तिनंच मला सावरलं. आज माझी वाट बघत बसली असेल, असं उगाच मनात येतंय.”

मावशीला त्या बाईचा हेवा वाटला, आणि ती बाईच नव्हती हे आठवून अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुलाईघराचा अंगरखा चढवून, कपड्यांची गाडी ढकलत मुलगा आईबरोबर इस्पितळात शिरला. मावशीचा मदतनीस म्हणून कुणी पुन्हा वळूनही पाहिलं नाही. शहराबाहेरच्या इस्पितळाच्या चादरी घेऊन जाणारी मोटार तिथून निघायची. तिचा चालक नवऱ्याचा बसवरचा जुना सोबती. त्यानं काहीच विचारलं नाही, फक्त मागचं दार उघडं ठेवलं.

गाठोड्यांच्या आड बसवताना मावशी मुलाला म्हणाली, “पडद्यावर मी काहीही सांगितलं तरी खरं मानायचं नाही. मेले म्हणाले तरी.”

“मी आता कुठल्या पडद्यासमोर बसणार आहे?” तो म्हणाला. “तूच लक्षात ठेव. तो ‘मी सुखात आहे’ म्हणेल.”

मोटार गेली. मावशी आत जाऊन इस्त्रीला उभी राहिली.

त्यानंतर तो पोचला की वाटेत धरला गेला, हे कळायला काही मार्ग उरला नाही. तपासनीस आला नाही. तो न येणं चांगलं की वाईट, यावर नवराबायको हळू आवाजात बोलत.

रविवारी पडदा उजळला. मुलगा हसत समोर आला, म्हणाला, “आई, मी सुखात आहे.” नवरा उठून स्वयंपाकघरात गेला आणि पाठ करून भाजी निवडत बसला. मावशी जागची हलली नाही. तिनं एकदा त्या उजेडाकडं पाहिलं. मग खिडकीबाहेरच्या रस्त्याकडं पाहत तिनं विचारलं,

“जेवलास का रे?”