जो गप्प उभा, त्याच्यावर पहिला घाव

मी एक जुना राक्षस आहे. दचकू नका मित्रांनो, मला दात नाहीत, नखं नाहीत, अंगसुद्धा नाही. मी नुसत्या अक्षरांचा आहे. संगणकावरच्या ज्या खेळात मी राहतो, त्यात चित्र औषधालाही सापडणार नाही. खेळाडू 'पूर्वेला जा' असं टाइप करतो आणि पुढच्या जागेचं वर्णन पडद्यावर उमटतं. अशाच एका वर्णनात एक लाकडी पूल आहे, आणि त्याच्या तोंडाशी लिहिलं आहे: 'खांद्यावर कुऱ्हाड टाकून एक राक्षस इथे उभा आहे.' तो मी.

मला लिहिणाऱ्याला सगळे मालक म्हणत. तो छापखान्यांतली यंत्रं दुरुस्त करत फिरायचा आणि उरलेल्या वेळात आम्हाला घडवायचा. बाहेरचं जग मी पाहिलेलं नाही. माझ्या पुलापाशी जे बोललं गेलं, तेवढंच मला ठाऊक.

लोकांना वाटतं, राक्षसाचं डोकं फिरतं आणि तो अंगावर धावून जातो. कसलं डोकं नि कसलं काय! खेळात थोड्या थोड्या वेळाने एक ठोका पडतो. ठोका पडला की मी नेमून दिलेले प्रश्न स्वतःला विचारतो. इथे कोणी आहे का? ते मला दिसतंय, की लपत आलंय? माझ्यापेक्षा फारच दांडगं आहे का? असेल तर मी मुकाट्याने पाण्याकडे बघतो. मालकाने मला शहाणा केलाय, शूर नाही. यांतल्या कोणी मला पूर्वी मारलंय का? असेल तर आधी त्याचा समाचार. मग मनातल्या मनात फासा टाकायचा. फासा हो म्हणाला तर कुऱ्हाड उचलायची, नाही म्हणाला तर पुढच्या ठोक्यापर्यंत थांबायचं. यात माझी इच्छा कोणी कधी विचारली नाही. विचारली असती तर मी काय सांगितलं असतं, देव जाणे.

तरी ते दिवस मानाचे होते. एक शिंपी, एक बेकरीवाला, एक शाळामास्तर अशी मंडळी टोळी करून यायची आणि मला लोळवायची. मी मेलो की मालकाने केलेल्या साच्यातून घटकाभरात नवा मी उभा राहायचो. बेकरीवाला म्हणायचा, "याच्यापेक्षा आमची भट्टी बरी, निदान ती कुऱ्हाड उगारत नाही." हे ऐकून मला बरं वाटायचं. राक्षसाला आणखी काय हवं असतं?

पण या मंडळींना एक खोड लागली. माझ्या पुलापाशी आडोसा होता. शिंपी आपला खेळातला माणूस तिथे उभा करायचा आणि खुशाल कपडे बेतायला निघून जायचा. त्याचं बघून बाकीचे. जेवायला जाताना उभा कर, आंघोळीला जाताना उभा कर. पुलापाशी ही गर्दी! मालकाने चारदा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तो संतापला, आणि रागाच्या भरात माझ्या साच्यात त्याने एक नवा नियम घातला. जो दोन ठोके काही न करता, न बोलता गप्प उभा राहील, त्याच्यावर पहिला घाव. त्याला फासासुद्धा नाही.

दोन दिवसांत गर्दी हटली. सगळे मालकाची पाठ थोपटू लागले. मित्रांनो, रागात केलेला नियम चालला की माणूस तो पुन्हा तपासून बघत नाही.

मग ती आली. मालकाची धाकटी बहीण. बडबडी म्हणून तो तिला साळुंकी म्हणायचा. ती एका इस्पितळात टेलिफोनवर बसायची आणि दुपारच्या सुट्टीत खेळायची. लहानपणीच तिची नजर गेली होती. संगणक पडद्यावरचा मजकूर तिला वाचून दाखवायचा आणि ती तो कानात घालून ऐकायची. हे तिने स्वतःच शिंप्याला सांगितलं होतं. "आमचा दादा मला गोष्टी वाचून दाखवायचा," ती म्हणाली होती. "मी हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की चिमटा काढायचा आणि विचारायचा, झोपलीस का?"

तिला पूल ओलांडायचा होता, कारण पलीकडे मालकाने एक घर लिहिलं होतं. सायकलच्या दुकानावरच्या त्यांच्या दोन खोल्या. ते घर केव्हाच विकलं गेलं आणि पाडलंही गेलं. पण साळुंकीने डोळ्यांनी पाहिलेलं ते शेवटचं घर होतं. "आठवतं तसं सगळं लिहिलंय," मालक तिला म्हणाला होता. "पण आयतं मिळणार नाही हं. चालत ये."

"आयतं मागतंय कोण?" ती म्हणाली.

पुलाची एक फळी कुजकी होती. ती कोणती, हे वर्णनाच्या अगदी शेवटच्या ओळीत असायचं आणि दर खेपेला बदलायचं. डोळस खेळाडू झर्रकन शेवटची ओळ बघायचे आणि उडी मारून पसार व्हायचे. पाण्यावरचं शेवाळ, कठड्यावर कोणीतरी कोरलेलं अर्धवट नाव, माझ्या कुऱ्हाडीच्या दांड्यावरची चिंधी, हे मालकाने जीव ओतून लिहिलं होतं. वाचत कोण होतं? एकटी साळुंकी. ती सगळं ऐकायची, पहिल्या शब्दापासून. आणि ऐकताना ती गप्प असायची.

ठोका पडला. कोणी आहे? आहे. दिसतंय? दिसतंय. गप्प आहे? आहे.

माझ्या घावांच्या ओळीसुद्धा तिच्या कानात त्या वर्णनाच्या मागे रांगेत उभ्या राहिल्या. ती चिंधीपर्यंत पोचली होती आणि इकडे तिचा जीव संपला होता. मरणाऱ्याला आमच्या खेळात जाताना एक वाक्य बोलता येतं. ती म्हणाली, "थांब ना, मी ऐकत होते."

खेळात तिसऱ्यांदा मेलं की नाव कायमचं पुसलं जातं. साळुंकी दुसऱ्यांदाही तशीच मेली. तेव्हा मालक पुलापाशी आला आणि तिची थट्टा करू लागला. "अगं, तिथे उभं राहून काय करतेस? शेवटची ओळ तेवढी ऐक आणि पळ."

"मग बाकीचं कशाला लिहिलंस?"

"ते आपलं... असावं म्हणून."

"दादा, तू लिहिलेलं मी मधेच तोडत नाही. लहानपणीही नाही तोडलं." मग ती म्हणाली, "तिसऱ्यांदा मेले तर नवं नाव घेऊन मी येणार नाही. पुलावर पाटी लाव, ऐकणाऱ्यांना बंदी आहे म्हणून."

मालक थट्टा विसरला. मग म्हणाला, "अरे देवा. तो नियम."

त्यानंतर ती यायची बंद झाली. तशी बाकीची मंडळीही पांगली होती. चित्रांचे, आवाजांचे, झगमगाटी खेळ निघाले होते. शिंपी गेला, बेकरीवाला गेला. ठोका पडायचा, मी विचारायचो, कोणी आहे का? कोणी नसायचं. असा मी उभाच राहिलो. मारायला कोणी उरलं नाही, म्हणून मी मेलोही नाही.

आणि इथेच घात होता. मालकाने तो नियम काढला, पण साच्यातून काढला. साचा बदलला म्हणून आधी भाजलेली वीट बदलत नाही. पूर्वीसारखी टोळी आली असती तर संध्याकाळपर्यंत मी मरून नव्या नियमाचा झालो असतो. आता मी जुनाच होतो, आणि मालकाच्या हे ध्यानातच आलं नाही.

एका दुपारी दोघं भावंडं आली. मालक म्हणून आला असता तर तो मला दिसलाच नसता. पण तिने अट घातली होती, "देव होऊन वरून बघू नकोस. माझ्यासारखा चालत ये." म्हणून तो नवशिक्या वाटसरू होऊन आला होता, हातात साधी काठी.

"आता निवांत ऐक," तो म्हणाला. "नियम काढून टाकलाय."

काढलेला नाही, हे मला माहीत होतं. ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण माझ्या तोंडी त्याने चारच वाक्यं दिली आहेत, आणि चारही गुरगुरण्याची. मित्रांनो, एवढा लाचार मी कधी झालो नव्हतो.

वर्णन सुरू झालं. साळुंकी गप्प झाली. एक ठोका गेला. दुसरा आता पडणार, तोच ती म्हणाली, "हं."

"हे काय?" मालकाने विचारलं.

"हुंकार. तू शेजारी आहेस ना. नाही दिला तर चिमटा काढशील."

पुढचं वाक्य झालं, ती म्हणाली, "हं." शेवाळ झालं, हं. कोरलेलं नाव झालं, हं. दर हुंकाराला मालकही 'शाब्बास' म्हणायचा. माझी कुऱ्हाड उठायला यायची आणि नेमका तिचा हुंकार यायचा. बोललं की गप्प राहण्याची मोजणी पहिल्यापासून. जन्मात पहिल्यांदा मी मनापासून कोणाच्या तरी शब्दाची वाट पाहत होतो. ती शेवटच्या ओळीपर्यंत पोचली, कुजकी फळी चुकवली आणि पलीकडे गेली.

"तू नाही येत?" तिने विचारलं.

"तू बघून ये आधी. मी इथून ऐकतो."

घरातून मारलेली हाक पुलापर्यंत ऐकू येते. तिने हाक दिली, "दादा, जिन्याची मधली पायरी अजून करकरते." मग, "आईची शिलाईची मशीन खिडकीतच आहे." मग, "तिच्यावरचा निळा कपडा मला आठवतो रे. निळाच होता ना?" आणि मधूनमधून नुसतं, "हं... हं..."

मालक काहीच बोलला नाही. त्याला बहुधा बोलवत नव्हतं. तो उभा राहून ऐकत होता.

ठोका पडला. कोणी आहे? आहे. दिसतंय? दिसतंय. दांडगं आहे? नवशिकं आहे. गप्प आहे?

एका घावात तो आडवा झाला. जाताना त्याचं वाक्य आलं: "थांब ना, मी ऐकत होतो."

पलीकडून तिची हाक आली. "दादा, निळाच होता ना? हुंकार तरी दे. झोपलास का?"

पुलापाशी मी एकटा उरलो होतो. माझ्या चार वाक्यांत 'हं' नव्हतं. मी गुरगुरलो.

आज ना उद्या मालक येईल आणि मला पाडेल. माझ्या जागी नव्या नियमाचा राक्षस उभा राहील. राहू दे, त्याचं मला दुःख नाही. एवढंच सांगून जातो. मित्रांनो, कोणी तुमच्यासमोर गप्प उभं असेल, तर ते झोपलंय, रिकामं आहे, तुमची जागा अडवतंय, असं लगेच ठरवू नका. एकदा विचारा. तुम्ही जीव ओतून सांगितलेलं ऐकणारं कदाचित तेवढंच एक माणूस असेल.