तांबडं लुगडं

ग्यानोबा गार्डानं अर्धी भाकर ताटातच ठेवली आणि म्हणाला, "आज जनकाबाई दिसली न्हाई."

एवढंच. पण अकरा वर्षांच्या संसारात जेवताना परक्या बाईचं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं. सोजराबाईच्या हातातली पळी तिथंच थांबली.

"कोन जनकाबाई?"

"कनेरगाव नाक्याच्या अलीकडं गेट हाय, तिथली. नवरा वारला तवा त्याच्या जागी तिलाच घेतलं. सहा वर्षं झाली, रोज उभी ऱ्हाते झेंडी घेऊन. आज दुसराच कोनी व्हता."

हात धुऊन तो आडवा झाला आणि घोरायलाही लागला. आपण घरात काय पेटवून ठेवलं, याचा त्या भल्या माणसाला पत्ताच नव्हता.

ग्यानोबा पूर्णा–अकोला पॅसेंजरवर गार्ड होता. तीन दिवसांनी एकदा हिंगोलीत घरी यायचा, पेटी कोपऱ्यात ठेवायचा आणि स्वतःही पेटीसारखाच पडून राहायचा. भाजीत मीठ नसलं तरी खाणार, बायकोनं नवी नथ घातली तरी बघणार नाही. आणि धावत्या गाडीतून गेटवर कोण उभं नाही, ते मात्र याला बरोबर दिसतं! सोजराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

सकाळी शेजारच्या सादिकनं बांगड्यांचं दुकान उघडलं आणि रोजच्यासारखा पेपर मोठ्यानं वाचला. "भाभी, ऐका. गाडीला गार्ड कशाला पाहिजे, असं लिहिलंय कुणी तरी. डायवर गाडी चालवतो, टीसी तिकीट बघतो. गार्ड काय करतो? झेंडी हलवतो."

एरवी याच गोष्टीवरून तिनं अख्खी गल्ली अंगावर घेतली असती. गार्ड नसंल तर मागचं कोन पाहील, हे तिचं ठरलेलं उत्तर. आज ती म्हणाली, "बराबर लिवलंय. उद्याच्याला काढा म्हनावं."

सादिक चाट पडला. सोजराबाईला मात्र गार्डकी सुटून नवरा मालधक्क्यावर टेबलामागं बसलेला दिसत होता. रोज संध्याकाळी घरी. आणि ती जनकाबाई, बसू दे रिकाम्या डब्याला झेंडी दाखवत.

पण नुसत्या विचारानं जीव निवतो थोडाच? दोन दिवस कसेबसे काढून तिसऱ्या दिवशी तिनं पोरींना सादिकच्या घरी ठेवलं आणि पेटीतलं तांबडं इरकल बाहेर काढलं. धाकटीच्या बारशाला ग्यानोबानंच आणलेलं. देताना हसून म्हणाला होता, "हे नेसून रुळाकडं नको जाऊ, गाडी उभी ऱ्हाईल." अकरा वर्षांतली त्याची तेवढी एक थट्टा. इतर लुगडी होती, पण सवतीसमोर जायचं तर काय पांढरं नेसून जायचं? वाशिमच्या एसटीत बसून ती नाक्याच्या अलीकडं उतरली आणि बांधाबांधानं गेटापाशी पोचली.

तिनं मनात गोरी, भरलेली, पान खाणारी बाई धरली होती. पुढं आली ती काळी, हडकुळी, लुगड्यावर नवऱ्याचा खाकी सदरा चढवलेली. पण डोळे चांगले होते. सोजराबाईला जळायला तेवढं पुरलं.

"पानी देऊ का, बाई? लई उन्हातून आल्या."

"नगं. गाडी पाहाया आले." मग तिनं सरळच विचारलं, "गाडीवरच्या गार्डाला वळखता का?"

"नाव बी ठाऊक न्हाई. हात तेवढा वळखते. पर मानूस लई ध्यानाचा. पोळ्याच्या आधी एका चाकातून धूर निघून राहिला व्हता. डायवर पुढं गेलता, त्याला काय दिसनार? मी लाल दाखवली अन् ह्येनं आपल्या डब्यातला बिरेक लावून गाडी उभी केली. डबा भरून मानसं व्हती."

"त्याला तुमचं नाव ठाऊक हाय. परवा तुमी नव्हत्या तर त्याला भाकर ग्वाड लागली न्हाई."

"व्हय? ताप व्हता मला. दिरानं गेट पाह्यलं," जनकाबाई म्हणाली, आणि तिनं नकळत पदर सारखा केला.

तो पदर सारखा करणं सोजराबाईच्या काळजात कुसळासारखं गेलं.

गाडीची शिट्टी झाली. जनकाबाई हिरवी झेंडी धरून उभी राहिली, सोजराबाई गेटाच्या खोलीमागं दडली. इंजिन गेलं, डबे जाऊ लागले. शेवटच्या डब्याच्या दारात ग्यानोबा झुकून उभा होता. जनकाबाईला पाहताच त्याचा चेहरा असा निवळला, की तसा तो घरात कधी निवळला नव्हता. सोजराबाईला राहवलं नाही. ती तरातरा रुळाजवळ आली. गाडीच्या वाऱ्यानं तिचा पदर उडाला आणि तांबडा लखलखीत फडफडला.

चाकं करकरली. दोनशे पावलांवर गाडी उभी राहिली.

ग्यानोबा खडीवरून पळत आला. जनकाबाई पुढं होऊन म्हणाली, "साहेब, मी काई..." तो तिच्याकडं न बघता पुढं गेला.

"सोजर! घरी काय झालं? पोरी बऱ्या हायत ना?" त्याला धाप लागली होती. "लुगडं दुरूनच वळखलं मी."

खिडक्या-खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. पुढं ड्रायव्हर शिट्टीवर शिट्टी मारत होता. सोजराबाईच्या तोंडचं पाणी पळालं. गाडी का थांबवली, ते याला लिहून द्यावं लागणार. काय लिहील? बायको जळून आली? गार्ड कशाला हवा म्हणणाऱ्यांना तेवढा एक कागद पुरे. नवरा गाडीवरून उतरावा असं ती म्हणाली होती, पण असा नाचक्की होऊन नव्हे.

"काई न्हाई झालं," ती पुटपुटली. "तुमाला पाहाया आले."

ग्यानोबाचा चेहरा पांढराफटक पडला.

जनकाबाईनं एकदा त्याच्याकडं, एकदा तिच्याकडं पाहिलं. मग काखेतली लाल झेंडी काढून उलगडली. "साहेब, लिवा, गेटवालीनं लाल दाखवली. तिसऱ्या डब्याच्या चाकाला धूर वाटला. पाहून घ्या अन् जा."

ग्यानोबानं तिसऱ्या डब्याशी वाकून चाकाला हात लावून पाहिलं, आपल्या डब्यात चढला आणि हिरवी दाखवली. गाडी हलली.

एका वाक्यात त्या बाईनं आपला नवरा वाचवला, आणि ते वाक्य आपल्याला सुचलं नाही, हे सोजराबाईला सगळ्यांत जास्त झोंबलं.

जनकाबाई झेंडीची घडी घालत होती. खूप वेळ घालत होती.

"सहा वर्षं उभी हाय मी हितं," ती म्हणाली. "चाकासाठी गाडी उभी ऱ्हायली एकदा. मानसासाठी आजच पाह्यली."

तो आवाज सोजराबाईनं तत्काळ ओळखला. तीन दिवस तो तिच्याच घशात होता. तिला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला.

"पानी द्या जरा," ती म्हणाली.

जनकाबाईनं तांब्या भरून दिला, पण तिच्याकडं न बघता.