अंड्याचा स्पष्ट फोटो

परंडा तालुक्यातील एका माळावरून ऑगस्टमध्ये अर्पिताच्या सर्व्हरवर एक फोटो आला. सगळीकडे गवत आणि मधोमध एक तपकिरी ठिपका. खाली मेंढपाळ बलभीमने लिहिले होते : ‘माळढोक मादी. अंड्यावर बसली हाय.’

अर्पिता धाराशिवला प्राणिशास्त्र शिकवीत असे. माळरानावरील पक्ष्यांचे फोटो लोकांनी पाठवावेत, यासाठी तिने एक अ‍ॅप करून घेतले होते. माळढोक मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते आणि या भागात तिचे घरटे कित्येक वर्षांत कोणी पाहिले नव्हते. नोंद पक्की झाली असती, तर वनखात्याने तेथे राखणदार बसवला असता; कुत्री आणि ट्रॅक्टर दूर राहिले असते. मात्र खाते पुराव्याशिवाय हलत नसे आणि पुरावा तपासणे अर्पिताकडे होते. तिने फोटो मोठा केला. ठिपक्याचे नुसते चौकोन झाले. तो माळढोक असू शकत होता. लांडोर किंवा दगडही असू शकत होता.

तिने फोन लावला. “बलभीम, फोटोत पक्षी ओळखू येत नाही.”

“मॅडम, माळढोकच हाय. म्या काय कोंबडीला माळढोक म्हणंन व्हय?”

“तुमच्या सांगण्यावर नोंद होत नाही. थोडे पुढे जाऊन काढा.”

मागून त्याची आई लक्ष्मीबाई ओरडली, “म्होरं जाऊ नगंस रं! बसल्या पाखरावर सावली पडली की मेंढ्या गाभडत्यात.”

“आई, फोटोला कसली आलीय सावली?”

“तुझ्या बापानं जल्मात कधी बसलं पाखरू उठीवलं न्हाय. तू लई शाना झालास!”

सावलीचा आणि मेंढीच्या गर्भपाताचा काहीही संबंध नाही, हे अर्पिताने शांतपणे समजावले. ते बरोबरच होते. घरट्याजवळ जाऊ नये, हे ती स्वतःही विद्यार्थ्यांना सांगत असे. परंतु ठिपक्यात इतके मोजकेच चौकोन होते, की फोटो फार लांबून काढलेला असणार, असा हिशेब तिने केला. थोडे अंतर कमी झाल्याने काही बिघडणार नव्हते.

दुसरा फोटो उत्तम आला. उघड्या जमिनीवर एक अंडे, त्याच्या कवचावरचे तपकिरी डाग मोजता येतील इतके स्पष्ट. पक्षी नव्हता. खाली लिहिले होते : ‘उठून गेली. वाट बघतो.’

बलभीमने मेंढरे दुसऱ्या बाजूला हाकली आणि लांब जाऊन बसला. मादी परतली नाही. संध्याकाळच्या आत कावळ्यांनी अंडे फोडले.

अर्पिताने अ‍ॅप लिहिणाऱ्या वसीमला विचारले, “पहिला फोटो इतका खराब का आला?”

“मोबाईलमधून निघतानाच अ‍ॅप तो लहान करतंय, मॅडम. परंड्याकडं रेंज नसते, मोठे फोटो अर्ध्यात अडकायचे. तुम्हीच म्हणालात, कसंही करून सर्व्हरवर पोचू दे.”

“आणि मूळ फोटो?”

“त्याच्याच मोबाईलमध्ये असणार. आपण त्याला हात लावत न्हाय.”

बलभीमने मूळ फोटो पाठवला. तो तिने मोठा केला आणि करीत राहिली; चौकोन झाले नाहीत. काळी टोपी, डोळ्यावरची पांढरी भुवई, पाठीवरची बारीक नक्षी, सगळे स्वच्छ होते. मादीची मान ताणलेली होती आणि ती सरळ मोबाईलकडे पाहत होती. फोटो लांबून काढलेला नव्हता. त्याहून पुढे जायला जागाच नव्हती.

“आता तरी पटलं का, मॅडम?”

“हो. माळढोकच आहे.”

“मग म्होरं जा कशाला म्हणलाव?”

फोटो लहान होतो म्हणजे काय होते आणि त्यावरून अंतराचा अंदाज कसा चुकतो, हे तिने त्याला सांगितले. स्पष्टीकरणात त्रुटी नव्हती.

“मला इचारायचं की,” तो म्हणाला. “म्या सांगितलं असतं, किती लांब व्हतो त्ये.”

मूळ फोटोवर नोंद मंजूर झाली. वनखात्यातून तत्परतेने फोन आला. राखणदार नेमका कुठे बसवायचा, ते हवे होते. अर्पिताने माळाचा ठावठिकाणा दिला आणि सध्या तेथे राखण्यासारखे काही नाही, असेही सांगितले.