दुसऱ्या बाजूचं म्हणणं

अंबरनाथच्या आमच्या रेडिओ केंद्रावर सकाळच्या बातम्या मी सांगते. नळाला पाणी कधी येणार, रस्ता कुठे खोदलाय, विठ्ठलवाडी डेपोची कुठली बस बंद, कोण वारलं. केंद्र लोकांच्या वर्गणीवर चालतं. ते सांभाळतात हेमचंद्र साहेब, एका कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांचा एक नियम आहे. कुणावर आरोप असेल तर त्याचं म्हणणं घ्यायचं, आणि ते मिळेपर्यंत बातमी वाचायची नाही. नियम चांगला आहे. मलाही पटायचा.

पावसाळा सरता सरता ठमाबाई एक प्लास्टिकची बाटली घेऊन आली. माझ्याच पाड्यावरची, नात्यातली. तिने टेबलावर बाटली ठेवून झाकण काढलं आणि खोलीत कुजक्या अंड्यांचा नि रॉकेलचा मिळून वास सुटला. मशीनवर बसणाऱ्या प्राचीने नाकाला ओढणी लावली.

"यो आमचे बोरचा पानी," ठमाबाई म्हणाली. "पलीकडचे कारखान्याची घान पान्याची टाकी भरली का रात्री ओततान नाल्यान. माजे नातीचे हात बग, सोललेत. सांग तुजे रेडिओवर."

मी बातमी लिहिली. हेमचंद्र साहेबांनी वाचली, मान डोलावली. "उत्तम. आता कारखान्याचं म्हणणं आणा."

मी फोन करत राहिले. साहेब मीटिंगमध्ये आहेत. साहेब पुण्याला गेलेत. साहेब कळवतील. दिवाळी गेली, थंडी पडली, बातमी फायलीतच. ठमाबाई भेटली की विचारायची, "काय गो अंजने, उघडला का त्यांचा तोंड?"

"मीटिंगला हायत."

"बरा. मंग नातीला सांगते, खाजवू नको बाय, साहेब मीटिंगला हायत."

संक्रांतीच्या आधी त्याच कारखान्याचा आपणहून फोन आला. पाड्यावर हळदीकुंकू ठेवलंय, रेडिओवरून लाइव्ह करा. वाण म्हणून प्रत्येक बाईला पाण्याचा स्टीलचा पिंप, तोटीसकट.

पाणी नासवायचं आणि वर पिंप वाटायचे.

"साहेब, मग त्या पाण्याबद्दल विचारते तिथेच," मी हेमचंद्र साहेबांना म्हणाले.

"अंजनीताई, सण आहे. वाद नको. पाहुण्यांशी गोड बोला."

मंडपात नाल्याचा वास मारायला त्यांनी गुलाबाचा फवारा मारला होता. दोन वास एकमेकांत मिसळून घशाशी येत होते. कारखान्याचे उन्मेष साहेब पांढऱ्या झब्ब्यात, बगलेत स्वतःची सीलबंद बाटली. माइक हातात घेऊन म्हणाले, "आम्ही विधवा भगिनींनाही मान देतो. दिस इज चेंज!" ठमाबाईला पुढे ओढून कुंकू लावलं. फोटोत तिचे डोळे मिटलेले आले म्हणून पुसून पुन्हा लावलं. नात तिच्या पदराला धरून हात खाजवत होती. तिचा हात फोटोत येऊ नये म्हणून कुणीतरी तिला मागे सारलं.

मग ठमाबाई घरात गेली आणि ताटलीत तांब्या घेऊन उन्मेष साहेबांपुढे आली. आमच्याकडे दारी आलेल्याला आधी पाणी देतात, मग बोलणं. हे कारखान्यातल्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि बोरशिवाय दुसरं पाणी तिच्या घरात होतंच कुठे?

"नको नको मावशी, आत्ताच प्यायलो."

"एक घोट घे रं बाला. पाहुना तसाच जात नाय."

शंभर बायका बघत होत्या. त्याने तांब्या घेतला. मी माइकवर म्हणाले, "श्रोतेहो, ठमाबाईंनी उन्मेष साहेबांना त्यांच्या बोरचं पाणी दिलंय. तांब्या साहेबांच्या हातात आहे."

आणि माइक त्याच्या तोंडापाशी धरून मी गप्प राहिले. रेडिओवर गप्प राहण्याइतकं मोठं पाप नाही. काहीतरी बोलत राहायचं, नाहीतर गाणं लावायचं, हेच मी शिकले होते. पण त्या दिवशी माझी जीभ हललीच नाही. साहेब माझ्याकडे बघत होता, सोडव म्हणून. तांब्या ओठांपर्यंत गेला, तसा त्याचा चेहरा आंबट झाला.

"शी! वास मारतोय याला. मी नाही पिणार हे."

तांब्या खाली ठेवून त्याने बोटं रुमालाला पुसली, रुमाल हुंगला आणि बाजूच्याला देऊन टाकला. मग हळूच मला म्हणाला, "मॅडम, एवढं कट होईल ना?"

"लाइव्ह आहे साहेब."

प्राचीने नंतर सांगितलं, केंद्रात हेमचंद्र साहेब ओरडत होते, गाणं लाव, गाणं लाव. तिने लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी केंद्रात हेमचंद्र साहेब माझ्यावर चिडलेले होते. मी फाइल त्यांच्यासमोर ठेवली.

"त्यांचं म्हणणं मिळालं. वाचू?"

"ते काय म्हणणं झालं, अंजनीताई? चुकून बोलून गेले ते."

"मीटिंगमधून तेवढंच बाहेर आलंय."

त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली. "वाचा," म्हणाले. ज्या नियमावर त्यांनी बातमी चार महिने बसवून ठेवली, तोच आता त्यांच्या गळ्यात आला होता. तरी मला त्यांची कीव आली नाही.

मी सगळी बातमी वाचली. पाणी, नाला, नातीचे हात. शेवटी वाचलं, "यावर कारखान्याच्या अधिकाऱ्यांचं म्हणणं असं: वास मारतोय याला, मी नाही पिणार हे."

परत जाताना ठमाबाईकडे डोकावले. तिने ऐकलं होतं. "बरा वाचलास," एवढंच म्हणाली. ओट्यावर नवा पिंप, त्यावर कारखान्याच्या नावाखाली 'शुद्ध जल' अशी पट्टी. नात तोटीखाली पेला धरून उभी होती. पेल्यात बोरचंच पिवळं पाणी पडत होतं.