कानांवरचे हात

मी आतल्या खोलीचा दरवाजा बोलतोय. बोलतोय कसला, करवादतोय. आयुष्यभर माझ्या तोंडून एकच शब्द निघाला, धाडकन. तोही माझा नव्हता.

मला घडवलं ते या घराच्या मालकानेच. तो सुतार आहे. चांगलं सागवान निवडून आणलं होतं त्याने. बायको नवीन लग्न होऊन आली तेव्हा माझ्यावरून हात फिरवत तिला म्हणाला होता, "बघ, एका बोटाने लोटला तरी लागतो." तेव्हा मला कोण अभिमान वाटला होता.

पण या गृहस्थाला खोड अशी, की राग बाहेर गिळायचा आणि घरी येऊन ओकायचा. गिऱ्हाइकाने कपाटात खोट काढली की तिथे "हो साहेब, करून देतो", आणि घरी भाजीत मीठ कमी म्हणून आकाशपाताळ एक. तोंड थकलं की मला आपटायचं. मग माय-लेकी जिथे असतील तिथे गप्प बसायच्या.

आपटून आपटून माझ्या वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले. मी झुकलो, फरशीला घासू लागलो. सुताराला हे कळू नये? लोकांच्या घरी हाच शहाणपण शिकवायचा, दार आपटू नका, बिजागरीचा जीव जातो. घरी मात्र म्हणाला, लाकूड फुगलंय. नाचता येईना, अंगण वाकडं! रंधा मारून माझी खालची कड तासली. पुन्हा आपटलं, पुन्हा झुकलो, पुन्हा तासलं. शेवटी खाली एवढी फट पडली, की तो बाहेर येऊन थांबला की लेकीला त्याच्या पायांची सावली दिसायची आणि ती भिंतीकडे तोंड करून बसायची.

एकदा बायकोने हळूच सांगितलं, पोरगी मामाकडे राहायला जायचं म्हणतेय, पुढची शाळा तिथूनच करणार म्हणते. त्याचं उत्तर माझ्याकडून वदवलं गेलं. धाडकन! बिजागरीच उखडली.

दुसऱ्या दिवशी त्याने मला काढून भिंतीला टेकवून ठेवलं. दुपारी मामाचा विषय पुन्हा निघाला, आवाज चढला. तो ताडकन उठला, सवयीने चौकटीकडे हात टाकला आणि हात रिकामाच झुलला. आपटायला मी होतो कुठे? बरी जिरली, म्हटलं.

तेवढ्यात त्याचं लक्ष आत गेलं. लेकीने डोळे मिटून दोन्ही कान घट्ट दाबून धरले होते.

"अगं, दार नाहीये तिथे," तो म्हणाला.

तिने डोळे उघडले. "माहितीये, बाबा. हात आपोआप जातात."

तो तिथेच खाली बसला. माझी तासलेली कड बोटांनी चाचपत बायकोला म्हणाला, "लाकडात काही खोट नव्हती. सगळं मीच केलं."

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तिला सांगा."

सांगितलं त्याने. लेकीने जाणं रद्द केलं नाही, परीक्षेपर्यंत लांबवलं एवढंच.

मग त्याने माझ्या कडेला पट्टी जोडली, लांब स्क्रू घातले, मला जागेवर बसवलं. हल्ली राग आला की सांगतो, गिऱ्हाइकाचा राग आहे, तुमचा नाही, आणि रस्त्यावर चक्कर मारून येतो. तेवढ्यावर मी विरघळेन असं त्याला वाटत असेल तर वाटो.

तुमच्या घरातही माझा एखादा भाऊबंद असेल. तो घासू लागला तर रंधा शोधू नका. आधी स्वतःचा हात बघा.

परवा तो तणतणत आला, माझी मूठ पकडून क्षणभर थांबला आणि त्याने मला हळूच लोटलं. आत लेकीचे हात वर गेले होते. ते अर्ध्यात थांबले, पण खाली आले नाहीत. ते मांडीवर स्वस्थ राहतील त्या दिवशी मी याला माफ करीन. तोवर नाही.