माझ्या वरातीमागून घोडे

मित्रांनो, मी एक जुना हिरवा तंबू आहे. चौघांचा, असे माझ्या पिशवीवर छापले आहे. चौघांनी श्वास रोखून धरला तर ते खरेही आहे.

कारखान्यात शिवणकाम करणाऱ्या बाईंनी माझी शिवण ओढून पाहिली होती. "हा वादळातही टिकेल," त्या म्हणाल्या, आणि मी अभिमानाने फुगलो. मग एका दातांच्या डॉक्टरांनी मला विकत घेतले आणि थेट माळ्यावर टाकले. वादळ सोडाच, मला साधी झुळूकही लागेना.

त्याचे कारण असे. राष्ट्रीय उद्यानात तळ्याकाठी तंबूच्या जागा मोजक्याच. त्यांचे आरक्षण कितीतरी महिने आधी, एका ठरल्या सकाळी सुरू व्हायचे आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपायचे. दर वर्षी डॉक्टर हिरमुसून दवाखान्यात जायचे.

यंदा मात्र त्यांची लेक शिकायला परगावी निघाली होती. "आत्ता नाही गेलो, तर तिघं मिळून पुन्हा कधी जाणार?" तिची आई म्हणाली.

पुढचे मला गाडीच्या डिकीत ऐकायला मिळाले. त्या सकाळी डॉक्टर एकाची दाढ काढत होते. "जरा आ करून ठेवा हं," असे सांगून त्यांनी फोन उचलला आणि दिसेल त्या जागेवर बोट दाबले. "मिळाली," ते म्हणाले. पेशंटला वाटले, दाढच निघाली.

उद्यानाच्या फाटकावर वनरक्षक बाईंनी आरक्षण पाहिले.

"घोडे कुठे आहेत?"

"कसले घोडे?" डॉक्टरांनी विचारले.

"ही जागा घोडेस्वारांची आहे. घोड्याशिवाय इथे तंबू ठोकता येत नाही."

नेमके इथेच घोडे पेंड खात होते. आईने डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले, जणू बोट मीच दाबले होते. "जाऊ दे बाबा, परत फिरू," लेक म्हणाली, पण ती फाटकापलीकडेच बघत होती.

तेवढ्यात मागच्या गाडीतून एक आजी उतरल्या. गाडीला जोडलेल्या डब्यातून दोन घोड्या बाहेर बघत होत्या.

"कुणी आलं नसेल तर त्याची जागा द्या हो," आजी वनरक्षक बाईंना म्हणाल्या. "माझ्याकडे घोड्या आहेत, पण आरक्षण नाही."

"आमचं नेमकं उलटं झालंय," आई म्हणाली. "चला आमच्याबरोबर."

वनरक्षक बाईंनी हसू दाबत फाटक उघडले.

तळ्याकाठी डॉक्टरांनी मला आधी उलटे उभे केले. आजींनी सरळ केले. लेक आईबाबांच्या मधोमध झोपली, लहानपणी झोपायची तशी. पहाटे एका घोडीने माझा कोपरा चघळला. तिथे आता ठिगळ आहे, आणि ते मी सगळ्यांना दाखवतो.

मित्रांनो, त्या दिवशी आमच्या आजूबाजूच्या कितीतरी जागा रिकाम्या होत्या. लोकांनी आरक्षण केले होते, पण ते आलेच नव्हते. म्हणून एवढेच सांगणे आहे. तंबूची घडी घालण्याआधी त्याला उन्हात वाळवा. आणि जाणे जमणार नसेल, तर जागा वेळेत सोडून द्या. फाटकाशी कुणीतरी घोडे घेऊन उभे असेल.