उन्हात घातलेली तबकडी

मी एक तबकडी आहे. काळी, गोल, दोन्ही अंगांनी कोरलेली. गोल म्हणायचं ते आता सवयीनं. मला जमिनीवर ठेवलंत तर मी एका बाजूनं वर उचललेली राहते आणि दुसऱ्या बाजूनं डुगडुगते. माझ्या पोटात रॉक संगीत आहे. म्हणजे होतं. रत्नागिरीजवळच्या मिऱ्या गावात, समुद्राच्या बंधाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका घरात माझा मुक्काम आहे, आणि सांगण्यासारखं चांगलं माझ्याकडे फारसं उरलेलं नाही. तरी सांगते. ऐकून घेणारं कोणी भेटावं, एवढी एकच हौस घेऊन आम्ही जन्माला येतो.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यातला. गरम काळा गोळा दोन साच्यांमध्ये ठेवायचा, वाफेनं तापवून चेपायचा, गार पाणी फिरवायचं आणि कडा कापायच्या, की झाली तबकडी. उष्णतेनंच मला आकार दिला. तीच उष्णता माझं काय करू शकते, हे तेव्हाच समजायला हवं होतं. पण जन्मतः कोणाला एवढी अक्कल असते? ज्या चौघांनी माझ्यात गाणी भरली, त्यांची नावं सांगत नाही. मिऱ्यावर त्यांना कोणी ओळखत नाही, आणि मिऱ्या नावाचं गाव जगात आहे याचा त्यांनाही पत्ता नव्हता.

हॅम्बुर्ग बंदराजवळच्या एका तळघरातल्या दुकानात मी धूळ खात पडले होते. एका पावसाळी दुपारी एक सावळा, काटकुळा माणूस आत आला. खरं तर तो पाऊस चुकवायला आला होता. दुकानदारानं सहज माझी दुसरी बाजू लावली आणि हा माणूस खांबाला टेकून जो उभा राहिला, तो गाणं संपेपर्यंत हलला नाही. पाऊस केव्हाच थांबला होता. त्याचं नाव भागोजी. मालवाहू बोटीच्या इंजिनखोलीत तेलपाणी बघायचं त्याचं काम होतं. मला छातीशी धरून, वरून स्वेटर घालून तो बोटीवर परतला. तेव्हापासून मी त्याची झाले.

बोटीवरच्या नोकरीत त्यानं बंदराबंदरांतून अशा पुष्कळ तबकड्या जमवल्या. बाकीचे खलाशी घरी येताना सेंट आणायचे, घड्याळं आणायचे. भागोजी आम्हाला आणायचा. त्याची बायको आवडाबाई पेटी उघडली की कपाळाला हात लावायची.

"अवो, येवढ्या लांबना ह्या काळ्या थाळ्या आणल्यात? जेवायला तरी घेता येतात काय ह्यांत?"

नोकरी संपवून भागोजी कायमचा घरी आला, तेव्हा त्यानं आमच्यासाठी फणसाच्या लाकडाचं कपाट करून घेतलं. आम्हाला आडवं रचायचं नाही, उभंच ठेवायचं, कडेला धरायचं, अंगावर बोट टेकवायचं नाही, असे त्याचे कडक नियम. पावसाळ्यात तो कपाटाच्या तळाशी एक बल्ब सतत पेटता ठेवायचा, म्हणजे आत दमटपणा शिरत नाही. आवडाबाई करवादायची, "माणसा काळोखात, नि ह्यांच्या थाळ्या उजेडात!" पण बल्ब ती कधी विझवायची नाही.

रविवारी दुपारी माशाचं जेवण झालं की भागोजी कपाट उघडायचा. एकेक तबकडी काढायचा आणि मागच्या पडवीत भांडी घासणाऱ्या आवडाबाईला ऐकू जाईल अशा आवाजात तिच्याबद्दल बोलायचा. पांढऱ्या कव्हराची होती ती सकाळी आंघोळ करून ऐकायची, असं त्याचं मत. एका कव्हरात दोन अशी जोडतबकडी होती तिला तो भरल्या पोटी लावत नसे, कारण त्यातली गाणी संपता संपत नाहीत आणि डोळा लागतो. एका गाणाऱ्या बाईचा आवाज वरच्या पट्टीत जाऊन फाटायचा, तिथं तो दर वेळी हळहळायचा, "हिला कोणीतरी फशिवलाय गो." शब्द त्याला निम्मेसुद्धा कळत नव्हते. पण गाणं कळण्यात त्याचं कधी अडलं नाही.

आणि सगळ्यांत शेवटी मी. माझ्या दुसऱ्या बाजूला एक लांबलचक गाणं आहे. त्यात एक गिटार एकटी पडते, एकटीच खूप वेळ वाजत राहते, आणि मग अचानक सगळं थांबतं. अगदी एक श्वासभर. त्यानंतर ढोल कोसळतात. त्या श्वासाच्या जागी भागोजी हात वर करायचा. म्हणायचा, "भर समुद्रात इंजिन बंद पडला ना, की अशी शांतता होते. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. नि परत चालू झाला की वाटतं, चला, जगलो." माझ्या गाण्याचा एवढा खरा अर्थ मला तरी दुसऱ्या कोणी सांगितलेला नाही. मी त्या वाक्यावर माज करायचे.

आवडाबाईला मात्र आमचं सगळं संगीत म्हणजे कालवा. "कोणाच्या अंगात आलाय काय? बंद करा, कोंबडी अंड्यावर ठरत नाय." इतक्या वर्षांच्या संसारात ती एकदाही आमच्यापाशी टेकली नाही. भागोजीनंही कधी आग्रह धरला नाही. ऐकायला आपण आहोत, तेवढं पुरे, असं त्याला वाटत असावं.

पण इंजिनखोलीनं त्याचे कान आधीच कुरतडले होते. डावा गेलाच होता, आता उजवाही जायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं की मशीन लावून फार फरक पडणार नाही, वर्षभरात सगळंच मिटेल. त्याच सुमाराला वाजवण्याच्या यंत्राची सुई झिजली. झिजलेली सुई तबकडीला ओरबाडते, म्हणून भागोजीनं मला लावायचं बंद केलं आणि मुंबईत कामाला असलेल्या पुतण्याला, नितेशला, नवी सुई बघायला सांगितलं. तसली सुई सहजी मिळेना. नितेश म्हणाला, दिवाळीला येताना कसंही करून आणतो.

त्या दिवशी माझ्याकडे बोट दाखवून भागोजी आवडाबाईला जे म्हणाला ते मी कपाटातून ऐकलं.

"आवडे, सुई आली की एकदा माझ्याजवळ बस. ह्या तबकडीची दुसरी बाजू पुरी ऐक. मंग माझे कान गेले तरी चालतील. तुला ठावूक असंल ना कसा होता ता. मी इचारलं की तू सांगशील."

आवडाबाईनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "बसंन. तुमची शपथ."

मला एवढा आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. भागोजीच्या कानातून मी जाणार होते, पण आवडाबाईच्या कानात उतरणार होते. या घरात मी मरणार नव्हते.

गणपती गेले आणि भागोजी तापानं फणफणला. चिखलातून होणारा तो वाईट ताप. त्याला रत्नागिरीच्या इस्पितळात ठेवलं. आवडाबाई सकाळी डबा घेऊन जायची ती दिवेलागणीला परतायची. घराकडे बघायचं भान तिला नव्हतं. तेवढ्यात कपाटातला बल्ब उडाला. पाऊस धो धो चालूच होता. काही दिवसांत आमच्या अंगावर पांढरी बुरशी चढली.

दसऱ्यानंतर, भागोजीला घरी सोडायच्या आदल्या दिवशी तिनं कपाट उघडलं आणि ती बुरशी तिला दिसली. जिवावरच्या दुखण्यातून उठलेला नवरा उद्या येणार आणि पहिल्यांदा कपाटच उघडणार. तिनं मिऱ्यावरची कोणतीही बाई करील तेच केलं. पावसानं दमट झालेली प्रत्येक वस्तू इथं दसऱ्यानंतर अंगणात येते. गोधड्या, उशा, सुपं, लग्नातला शालू, देवाची पोथीसुद्धा. एकदा कडक ऊन दाखवलं की वस्तू वर्षभर टिकते, हा इथला भरवसा. तो भरवसा आजवर कधी खोटा ठरलेला नाही. आमच्याखेरीज.

तिनं आम्हाला रिठ्याच्या पाण्यानं धुतलं. जुन्या सुती पातळाच्या मऊ तुकड्यानं पुसलं. खोटं कशाला बोलू, इतक्या मायेनं मला भागोजीनंही कधी पुसलं नव्हतं. मग अंगणात चटया घालून तिनं आम्हाला ओळीनं मांडलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून कडांवर चिऱ्याचे तुकडे ठेवले आणि कावळे हाकायला हातात काठी घेऊन आमच्याजवळ बसली. दिवसभर. ऑक्टोबरचं ऊन, त्यात आमचा रंग काळा. मी मऊ होत गेले. ज्या कारखान्याला मी विसरले होते तो मला आठवला. मला ओरडायचं होतं, पण तबकडीला आपणहून ओरडता येत नाही. दुपारी तिनं आम्हाला पापडासारखं उलटून दुसऱ्या अंगालाही ऊन दिलं.

संध्याकाळी आमचे आकार बघून ती जराशी चरकली. पापडही वाकतोच की, अशी तिनं स्वतःची समजूत घातली आणि आम्हाला पाट्याखाली दाबून ठेवलं. सकाळी पुन्हा कपाटात लावलं, नियमाप्रमाणे उभं.

भागोजी आला. काठी टेकत थेट कपाटापाशी गेला. मला बाहेर काढून डोळ्यांसमोर आडवं धरलं. त्याचा अंगठा माझ्या कडेवरून फिरला आणि वर उचललेल्या भागापाशी थांबला. मागे आवडाबाई उभी होती. उन्हानं तिचा चेहरा आणि मान रापून काळी पडली होती.

"बुरशी आलीवती अवो," ती त्याच्या उजव्या कानाशी जाऊन म्हणाली. "सगळ्या धुतल्या, ऊन दिलाय. थोड्या वाकल्या. पण वाजतील ना?"

भागोजीनं तिच्या रापलेल्या तोंडाकडे पाहिलं. "न वाजायला काय झाला? नव्यासारख्या दिसतायत," तो म्हणाला. मला जागेवर ठेवून तो बंधाऱ्यावर जाऊन बसला. खिडकीतून त्याची पाठ दिसत होती. मी त्याला रडताना आधी कधी बघितलं नव्हतं, आणि त्या दिवशी पाठमोरंच बघितलं.

दिवाळीला नितेश सुई घेऊन आला. आवडाबाई विहिरीवर गेली असताना त्यानं ती बसवली आणि एकेकीला लावून बघितलं. सुई कुठं उडत होती, कुठं रुतत होती.

"काका, ह्या सगळ्या गेल्या," तो त्याच्या उजव्या कानाशी कळवळून म्हणाला. "उन्हात कोणी घातल्या?"

भागोजीनं त्याचं मनगट घट्ट धरलं. "काकीला कळता नये. तुला माझी शपथ हाय."

तेवढ्यात ती आलीच. ओले हात पदराला पुसले आणि आमच्या कपाटासमोर चटईवर मांडी घालून बसली. संसारात पहिल्यांदा. "लावा तुमचा ता गाना," ती म्हणाली. "आज मी शेवटपर्यंत बसतंय."

भागोजीनं मला यंत्रावर ठेवलं. सुई उडू नये म्हणून तिच्या दांडीवर एक नाणं ठेवलं. मी फिरायला लागले. जिवाचं रान करून मी त्या गिटारीपर्यंत पोहोचायला बघत होते. सुई माझ्या उंचवट्यावर चढली, खाली आपटली आणि एकाच रेघेत अडकली. धप्प. खर्रर्र. धप्प. खर्रर्र. मी गोल गोल फिरत राहिले आणि तेवढंच वाजत राहिलं. नितेश मान खाली घालून बसला होता. भागोजीनं तळहात यंत्राच्या लाकडावर टेकवला होता. कानानं नाही, पण हातानं त्याला सगळं समजत होतं.

आवडाबाई मन लावून ऐकत होती. हळूहळू तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अवो, ह्या तर माजी आय भात कांडायची तसा हाय," ती म्हणाली. "उखळात मुसळ पडायचा, नि वर उचलताना तिच्या बांगड्या अशाच खरखरायच्या. मी तिच्याजवळ पेंगत असायची. इतकी वर्षा मी ह्याला कालवा म्हनत होते? सांगितलात का नाय कधी, असा हाय म्हनून?"

ती काय म्हणाली ते नितेशनं काकाच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. भागोजीनं यंत्राच्या लाकडावरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "व्हय. असाच हाय ता गाना."

माघ महिन्यात भागोजीचे कान पूर्ण मिटले. आता आवडाबाई देवाजवळ दिवा लावला की मला स्वतःच काढते. अंगावर बोट न टेकवता, कडेला धरून. नाणं ठेवते, सुई ठेवते आणि वाल सोलत ऐकत बसते. इतक्या आवडीनं मला आजवर कोणीच ऐकलेलं नाही, आणि ती ऐकते ते मी नव्हेच. माझी गिटार, तो श्वास, ते ढोल, सगळं अजून माझ्या अंगावर कोरलेलं आहे. तिथवर सुई कधीच पोहोचणार नाही. ते गाणं आता एका बहिऱ्या माणसाच्या डोक्यात आहे, आणि तोही थकलाय.

तुमच्याकडे काही मागावं म्हटलं, तर काय मागू? मला फोडून टाका म्हणावं, तर त्या बाईची आई पुन्हा मरेल. तिला खरं सांगा म्हणावं, तर भागोजी मला क्षमा करणार नाही. तेव्हा तुम्ही कधी मिऱ्यावर आलात आणि दिवेलागणीला आमच्या घरातून तो आवाज ऐकू आला, तर थांबू नका. कसली रेकॉर्ड आहे म्हणून विचारू नका. पुढे चालू लागा.

कधी कधी भागोजी तिच्याकडे वळून खुणेनं विचारतो, कसं चाललंय गाणं? तिनं शपथ घेतली होती, ती विसरलेली नाही. ती हातातले वाल बाजूला ठेवते, त्याच्या गुडघ्यावर मूठ टेकवते आणि ते त्याला नीट समजावं म्हणून सावकाश वाजवून दाखवते. धप्प. धप्प. धप्प. आणि तो मान डोलावतो.